त्यावर कोण टेकणार?

मास्तरांनी एखाद्या सांध्याला 'सुंदर' म्हटले की तो तोडायचा असतो, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात खूश होते. हाताने केलेल्या माझ्या वस्तूला कुणी सुंदर म्हटल्याचा प्रसंग आयुष्यात फारसा आला नव्हता. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "सुंदर. लावा व्हाइसला." मी तुकडा व्हाइसमध्ये आवळला. त्यांनी हातोडा माझ्या हाती दिला आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्याच घावाला दोन्ही पट्ट्या सुट्या झाल्या. मी घातलेला रेखीव थर एका पट्टीवर जसाच्या तसा राहिला होता. दुधावरची साय अखंड निघावी तसा दुसरीवरून निघून आला होता.

"बघा," मास्तर म्हणाले, "चिकटलं होतं. जुळलं नव्हतं."

बऱ्या सांध्याला ते गुजरातीत 'चालशे', म्हणजे चालेल, म्हणत. त्याहून वरची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

मी तीस वर्षे एका महाविद्यालयात संस्कृत व्याकरण शिकवले. दोन वर्ण शेजारी आले की त्यांचे काय होते, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले होते, की दोन लोखंडी पट्ट्या शेजारी आल्यावर काय होते याची चौकशी करावी असे कधी वाटलेच नाही. ती वेळ निवृत्तीनंतरच्या वर्षी आली, आणि आली ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. ती शाळेची मुख्याध्यापिका होती आणि घरात अजूनही आहे. आम्ही दोघीच शहराच्या तरसाली भागात एका टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या घरात, राहतो. वडिलांनी पुराच्या भीतीने जोते उंच घेतले, त्यामुळे दारातून खाली उतरायला पाच पायऱ्या आहेत. अक्काच्या खुब्याचे ऑपरेशन झाले तेव्हा रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून आम्ही त्या पायऱ्यांना लोखंडी कठडा करून घेतला. काळा रंग, वर पितळी गोळे. तीन आठवड्यांनी अक्का दुसऱ्या पायरीवर असताना कठड्याचा खालचा खांब तळपट्टीपासून सुटला. ती पडली नाही. हात सोडून तिथेच बसली. पण त्यानंतर ती खाली उतरेना. समोरच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी चार बायका जमतात, त्यात अक्काची खुर्ची ठरलेली होती. ती रिकामी राहू लागली. कुणी खालून हाक मारली तर अक्का खिडकीतून सांगे, "मला इथून सगळं नीट दिसतं."

"मी हात धरते, चल," असे मी दोनतीनदा म्हणून पाहिले.

"तुझा हात?" अक्का म्हणाली. "तू स्वतः भिंत धरून चालतेस."

सुटलेला खांब कापडी पिशवीत घालून मी शहराच्या कारखान्यांच्या भागात, गोरव्याला गेले, कारण लोखंडाचे काम गोरव्याला होते एवढे मला ठाऊक होते. तिथे दोन ठिकाणी विचारल्यावर एकाने मागच्या गल्लीतल्या शेडकडे बोट दाखवले. आत एक किडकिडीत गृहस्थ भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा खाकी सदरा गळ्यापर्यंत बटणे लावून स्टुलावर ताठ बसले होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले हे मराठी गृहस्थ; गुजराती लोक त्यांना काका म्हणत, मराठी लोक मास्तर. त्यांनी खांब घेतला, तुटलेल्या जागी अंगठा फिरवला आणि विचारले,

"त्यावर कोण टेकणार?"

"माझी थोरली बहीण."

"वय?"

"त्र्याहत्तर. हे जोडून मिळेल का?"

"नाही. रिटायर झाल्यापासून मी कुणाचं काम करत नाही, शिकवतो. शिकायचं असेल तर सोमवारी या. अंगावर सुती. ओढणी नको, नायलॉनचा धागाही नको. पायात बूट."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. केवळ त्या कारणाने मी वेल्डिंग शिकायला गेले असे म्हटले, तरी ते फारसे खोटे होणार नाही. सोमवारी अक्काने मला बूट घालताना पाहिले. "कुठे?" मी सांगितले. तिने बुटांकडे पाहिले. मग म्हणाली, "डबा नेलायस का?"

शिकवताना मास्तर पाठ करून उभे राहत. चाळीस वर्षे काळ्या काचेतून वेल्डिंगचा उजेड बघितला, आता पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा, हातात चामड्याचे मोजे, आणि मास्तर माझ्याकडे पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. तरी त्यांना सगळे कळे. "लांब गेलात. जवळ या." "हात थांबला." "उतावळ कशाची आहे, बाई? गाडी सुटत नाही तुमची." रॉड, म्हणजे वितळून सांध्यात भरणारी कांडी, बरोबर अंतरावर असला की तापल्या तेलात गाठिया सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो, आणि हात बिघडला की तो आवाज तुटतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात कानांनी शिकवले.

त्याच आठवड्यातली एक गोष्ट सांगण्यात मला अजून संकोच वाटतो. दोन तुकडे सलग जोडण्याआधी कोपऱ्यांवर छोटे ठिपके देऊन त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. शिवणाऱ्या बाईने आधी कच्चे टाके घालावेत तसेच ते काम, आणि त्याला नावही तेच. मला ते माहीत नव्हते. मी पकडीत तापलेली पट्टी धरून उभी होते आणि मास्तर कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "हां, आता टाका."

मी टाकली. ती खालच्या गोणपाटावर पडली आणि गोणपाट धुमसू लागले. मास्तर वळले, त्यांनी शांतपणे बादलीतले पाणी ओतले आणि माझ्याकडे पाहिले.

"किती वर्षं व्याकरण शिकवलंत?"

"तीस."

"मग नाम आहे का क्रियापद, ते विचारायचं तरी."

त्या दिवसापासून शेडमध्ये तो शब्द एकटा कधी आला नाही. "नामाचा टाका द्या, बाई," ते म्हणत. आणि काही खरोखर खाली ठेवायचे असले तर "क्रियापद करा". शेडमध्ये येणाऱ्या गुजराती कारागिरांना यातले काही कळत नसे. काका म्हातारे झाले, एवढाच अर्थ ते घेत.

मास्तरांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते. घोडे विकत घेताना पारखायला त्यांना नेत, असे मास्तर सांगत. ते खरे असावे, कारण मास्तर मशीन घोड्यासारखे पारखत. आधी भोवती एक फेरी मारत, हात न लावता. मग केबल मुठीत दाबून बघत, पाय पाहायला मशीन आडवे करत, आणि एक रॉड जाळून झाला की मागच्या जाळीला नाक लावून वास घेत. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम एक टाँग टेस्टर असे. चिमट्यासारखे हे उपकरण केबलभोवती अडकवले की आतून वाहणारा प्रवाह आकड्यात दिसतो. लग्नाच्या मांडवातही त्यांनी ते मांडववाल्याच्या वायरीला लावल्याचे मी ऐकले आहे. रॉड दमट राहू नयेत म्हणून ते दुपारी गच्चीवर वाळत घालत. त्यांच्या पत्नींनी तिथेच पापड घातलेले असत, आणि दोन्हींवर कावळ्यांपासून राखण एकच.

शनिवारी शेडमध्ये तरुण मुले येत. नोकऱ्या करणारी, हौस म्हणून काही बनवू पाहणारी. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये मशीनचे फोटो असत आणि प्रश्न एकच असे: पहिले मशीन कोणते घ्यावे? मास्तर तो मोबाइल घेऊन टेबलावर उपडा ठेवत आणि मला विचारलेलाच प्रश्न त्यांना विचारत.

"त्यावर कोण टेकणार?"

"कुणी नाही, काका. कुंड्या ठेवायचा स्टँड करायचा आहे."

"मग कुठलंही घे. कुंडी पडली तर दुसरी मिळेल."

एकजण म्हणाला, सासूबाईंसाठी बागेतला बाक करायचा आहे. मास्तरांनी त्याला नीट निरखले. "सासू टेकणार? मग दोन महिने इथे ये. मोडलं तर ते चुकून मोडलं यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, बाबा." तो खरेच दोन महिने आला. तो बाक मी पाहिलेला नाही.

आता मास्तर पादरा गावी मुलीकडे राहतात आणि शेड दुसऱ्या कुणाकडे गेली आहे. पण त्या वेळी, सहा आठवडे सांधे तोडून झाल्यावर, ते एका संध्याकाळी मला म्हणाले, "तुमचं आता घरी मशीन पाहिजे. माझ्यासमोर तुम्ही बराबर करता. एकट्या करता का, ते बघायला हवं. गुरुवारी दुकानात जाऊ."

गुरुवारी त्यांच्यासमोर मूर्ख ठरू नये म्हणून मी मंगळवारीच एकटी दुकानात गेले. विकत घ्यायला नव्हे, नुसते बघायला. वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. दुकान स्टेशनकडच्या गल्लीत होते. मालक गुजराती, वयाने माझ्याएवढेच, बोलायला गोड.

"आवो, बेन. कोना माटे जोईए छे?"

कुणासाठी पाहिजे, एवढाच तो साधा प्रश्न होता. दुकानात तीन पुरुष गिऱ्हाइके उभी होती आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडून निघून गेले, "भाई माटे."

मला भाऊ नाही.

"भाईनुं वर्कशॉप छे?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही सांगता येणार नाही. त्यानंतरची वीस मिनिटे त्या न जन्मलेल्या भावाच्या वर्कशॉपला शोभेल असे मशीन मला दाखवण्यात गेली. ते चाकांवरचे होते, उंची माझ्या कमरेइतकी. आत तारेचे रीळ, मागे गॅसचा बाटला ठेवायची जागा. मालकांनी तीन बटणे दाबून दाखवली. मी वही उघडली नाही. माहितीपत्रक पाठवायला म्हणून त्यांनी पत्ता मागितला, तो मी दिला. शेवटी ते म्हणाले, "तो पछी, बेन?" मग काय करायचे.

मला म्हणायचे होते: सध्या राहू द्या. घरी आम्ही मराठी बोलतो आणि माझी गुजराती वाचनाची आहे. घाईत मी मराठीतून विचार करून गुजरातीत उतरवते. मी म्हणाले, "हमणां राखो."

माझ्या मनात त्याचा अर्थ होता, तूर्त असू द्या. त्यांच्या कानावर जे पडले त्याचा अर्थ होता, आमच्यासाठी ठेवून घ्या; आणि पत्ता तर त्यांच्याकडे होताच. दोन्ही अर्थ त्या शब्दांत आहेत, हे बाहेर पडून रिक्षात बसल्यावर माझ्या ध्यानात आले. परत जाऊन खुलासा करायचा तर आधी भावाचा खुलासा करावा लागला असता. मी रिक्षा थांबवली नाही.

बुधवारी सकाळी दहाला टेम्पो आला. मी न्हाणीघरात होते. बाहेर आले तेव्हा अक्का खिडकीत उभी होती आणि मशीन पायऱ्यांच्या तळाशी, फाटकाकडे जायची वाट अडवून. टेम्पोवाला कागद हातात घेऊन वर बघत होता.

"भाईनी सही जोईशे, माजी. पैसा पछी."

"कुणाच्या भाईची?" अक्काने विचारले.

"आ बेनना भाईनी."

अक्का माझ्याकडे वळली. माझ्या केसांतून पाणी गळत होते.

"आपल्याला भाऊ कधी झाला?"

"अक्का, ते चुकून..."

"नाही, झाला असेल तर आनंदच आहे. साठ वर्षं उशीर केला त्याने, पण येताना हात हलवत नाही आला." मग खाली बघून तिने टेम्पोवाल्याला सांगितले, "भाऊ बाहेरगावी आहे. ठेवून जा."

तो गेल्यावर ती खिडकीतच खुर्ची ओढून बसली. मी तिच्यासाठी चहा नेला. "मी खाली उतरू नये म्हणून कुणी एवढा बंदोबस्त केला नव्हता," ती म्हणाली. ती हसत होती, पण चहा तिने घेतला नाही, आणि थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हे बघ. तुला जमत नसेल तर राहू दे. मला इथे वर बसून वाईट वाटत नाही. समोरच्या खुर्चीवर त्यांनी आता कपडे वाळत घालायला सुरुवात केली आहे."

मी त्याच दुपारी गोरव्याला जाऊन मास्तरांना सगळे सांगितले. भावासकट. ऐकून त्यांनी हातातला रॉड खाली ठेवला. मग पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर रिक्षात बसून तरसालीला आले. मशीनभोवती त्यांनी एक फेरी मारली, केबल दाबली, खाली वाकून चाके बघितली.

"जनावर चांगलं आहे," ते म्हणाले. "पण तोफखान्याचं आहे. तुम्हाला टांग्याचं पाहिजे."

"यावर होणारच नाही का?"

"इथे वारा किती येतो?" पायऱ्या पश्चिमेला आहेत, दुपारनंतर तिथे पदर सावरावा लागतो, असे मी सांगितले. "हे गॅसवर चालतं. सांध्यावर गॅसचं पांघरूण राहिलं पाहिजे, ते वारा उडवून नेणार. सांधा वरून सुंदर होईल, आतून कच्चा. तुमच्या त्या फॅब्रिकेशनवाल्यासारखा. आणि याला पायऱ्यांवर चढवणार कोण, तुमचा भाऊ?"

खिडकीतून अक्काचा आवाज आला. "मास्तर, भाऊ बाहेरगावी आहे."

"बरं आहे," मास्तर म्हणाले, "नाही तर त्यालाही शिकवावं लागलं असतं." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "परत तुम्ही करायचं. मी येतो, पण मी एक अक्षर बोलणार नाही."

गुरुवारी आम्ही गेलो. मास्तर दुकानाच्या दारात पाठ करून उभे राहिले आणि रस्त्यावरची रहदारी बघू लागले. मालकांनी माझ्याकडे हसून पाहिले. "भाईने गम्युं?" भावाला आवडले का.

तीस वर्षे मी वर्गात उभी राहून बोलले. पण तिथे बोलण्यासारखे पाणिनीचे असते, आपल्याला फक्त ते पोचवायचे असते. स्वतःबद्दलचे एक वाक्य अनोळखी माणसासमोर पूर्ण करायला मला दुकानातल्या पंख्याचे किती फेरे लागले कोण जाणे. मी म्हणाले, "भाई नथी. मशीन मारे जोईए छे. हुं शीखुं छुं." भाऊ नाही, मशीन मला हवे आहे, मी शिकते आहे.

मालक म्हणाले, "तो पहेलां कहेवुं हतुं ने, बेन." आधी सांगायचे होते ना. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडे वाईट वाटल्यासारखे होते. "पेलुं अमे मंगावी लईशुं." मोठे मशीन परत नेण्याची व्यवस्था त्यांनी माझ्यासमोरच फोनवर लावली. मी वही उघडली आणि अकरापैकी नऊ प्रश्न विचारले. दोन मला तोपर्यंत स्वतःलाच कळले होते.

मला हवे होते ते रॉडवर चालणारे छोटे मशीन, घरच्या साध्या जाड प्लगवर चालेल असे. मालकांनी दोन काढले. पहिल्यावर मोठ्या लाल अक्षरांत अडीचशे ॲम्पिअर लिहिले होते. मागच्या अंगणात मी मुखवटा घालून रॉड चालवू लागले तेव्हा दुकानातली माणसे काम सोडून बघायला आली; मुखवट्याच्या आत मला ती दिसत नव्हती, हे फार सोयीचे झाले. मास्तरांनी केबलला टाँग टेस्टर अडकवला. मशीन पूर्ण वाढवूनही आकडा एकशे तिसाच्या पुढे जाईना. त्यांनी तो मालकांना दाखवला, एक अक्षर न बोलता.

"काका, लखेलुं तो बधे एवुं ज होय," मालक म्हणाले. लिहिलेले सगळीकडे असेच असते.

दुसरे दिसायला साधे होते. त्यावर एकशे साठ लिहिले होते. मी नव्वदवर ठेवले, टेस्टरने नव्वद दाखवले. मी पूर्ण वाढवले, टेस्टर एकशे चोपन्नावर गेला. मास्तरांनी जाळीला नाक लावले. मग पहिल्यांदा ते बोलले, "बिघडलं तर याचा मिस्त्री कुठे बसतो?"

"गोरवा," मालक म्हणाले.

"उचलून बघा, बाई."

पट्टा खांद्याला लावून मी ते उचलले. दुकानातला एक माणूस मदतीला धावला, तेव्हा मास्तरांनी हाताने त्याला थांबवले. "बेन ऊंचकशे." बाई उचलतील. दुकानापासून रिक्षापर्यंत मी ते नेले. बसल्यावर मी ते मांडीवर घेतले आणि घर येईपर्यंत खाली ठेवले नाही.

घरी एकटीने काम करायला लागल्यावर मला कळले, की शेडमध्ये मी मास्तरांच्या पाठीवर विसंबून होते. खांब आणि तळपट्टी यांच्या नमुन्याचे चौदा सांधे मी पायऱ्यांवर बसून केले आणि चौदाही व्हाइसमध्ये घालून हातोड्याने तोडले. अक्का खिडकीतून मोजत असे. "तेरा," ती म्हणे, आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडे. पंधरावा वाकला, पार काटकोनात वाकला, पण सुटला नाही. तो मी पिशवीत घालून गोरव्याला नेला. मास्तरांनी तो फिरवून फिरवून पाहिला, स्वतः हातोडा घेऊन दोन घाव घातले आणि 'चालशे' म्हणून परत दिला. मी विचारले, "मग खरा कठडा लावू?" ते म्हणाले, "मला काय विचारता? टेकणार कोण, त्यांना विचारा."

मी अक्काला विचारले. तिने दोन अटी घातल्या. वर पितळी गोळे नकोत, त्यावर हात घसरतो. आणि पहिला टेकणारा माणूस ती नसेल.

जुना कठडा कापून त्याच्या सळ्या मी वापरल्या, खांब नवे घेतले. रविवारी सकाळी रंग वाळल्यावर मास्तर आले. त्यांनी प्रत्येक खांबाच्या तळाशी हातोडीने टकटक केली. मग दोन्ही हातांनी वरची सळी धरली आणि अंग बाहेर झोकून टेकले. कठडा हलला नाही.

अक्का दारात काठी घेऊन उभी होती. "मास्तर, तुमचं वजन किती?"

"एकावन्न किलो."

"मग तुमच्या टेकण्याला काय अर्थ आहे?"

मास्तरांनी हात सोडला. "बरोबर आहे. बाई, तुम्ही टेका."

समोरच्या ओट्यावर दोन बायका आधीच येऊन बसल्या होत्या आणि उघडपणे बघत होत्या. मी कठड्याला धरले.

"तुमचं किती?" मास्तरांनी विचारले.

"अडुसष्ट," मी हळू म्हणाले.

"एकाहत्तर," अक्का दारातून म्हणाली. "खरं सांग, त्यावर माझा खुबा अवलंबून आहे."

"एकाहत्तर," मी म्हणाले, आणि पाय पायरीच्या कडेला टेकवून सगळे अंग बाहेर झोकून दिले. ज्या खांबाच्या जागी पूर्वीचा सुटला होता, त्याच्यावर. मला वाटते मी डोळे मिटले होते. एकाहत्तर किलो काही क्षण त्या दोन बोटे रुंदीच्या सांध्यावर होते. मी उघडले तेव्हा अक्का मला बघत नव्हती, खांबाच्या तळाकडे बघत होती.

"चपला आण माझ्या," ती म्हणाली.

मी आणल्या. तिने काठी दाराशी टेकवून ठेवली आणि उजवा हात कठड्यावर ठेवला. पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर ती थांबली. मी पुढे झाले, तिच्या कोपराखाली हात घालायला, तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, "बाई, तुम्हीच धरणार असाल तर हे कशाला केलंत?" मी हात मागे घेतला. अक्का दुसऱ्या पायरीवर किती वेळ उभी होती ते मला सांगता येणार नाही. तिची बोटे सळीवर एकदा सैल झाली आणि पुन्हा घट्ट झाली. मग तिसरी पायरी, चौथी, पाचवी.

फाटक तिने स्वतः उघडले. समोरच्या खुर्चीवर खरेच दोन टॉवेल वाळत होते. अक्काने ते उचलून मालकिणीच्या हातात दिले आणि बसली. मास्तरांनी पिशवी खांद्याला लावली. त्यांना बारा वाजता कुणा शिकणाऱ्याला भेटायचे होते. "चहा घेऊन जा," अक्का तिथून म्हणाली. "उकळू दे," ते म्हणाले आणि समोरच्या ओट्याच्या कडेवर टेकले.

मी थोडा वेळ फाटकाशी उभी राहिले आणि म्हणाले, "अक्का, वर यायचं झालं की हाक मार. मी येते घ्यायला."

"तू जा," ती बायकांकडे वळत म्हणाली. "मी येईन माझी माझी."

मी चहा ठेवायला वर निघाले. उभारल्यापासून मी तो कठडा तपासण्यासाठीच धरत आले होते. त्या सकाळी पाच पायऱ्या चढताना मी तो चढण्यासाठी धरला.